पोरांच्या गावाची राखण

दर दोन-तीन वर्षांनी आपलं बिऱ्हाड ट्रंकांत भरलं जातं. शाळा, दोस्त, क्वार्टर सगळं मागं सुटतं. इथं बराकपूरला क्वार्टरच्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालतो. त्यातलं गाव मात्र बदलीवर जात नाही. भटिंडा, जोधपूरला गेलेली पोरं संध्याकाळी तिथंच भेटतात. म्हणून ‘खेळच तर आहे’ हे मला पटत नाही.

आधी पहारा. जावा आवृत्तीत व्हाइट-लिस्ट लावा. पण ऑनलाइन-मोड बंद असेल तर ती यादी फुकट, कुणीही दुसऱ्याचं नाव सांगून आत शिरतो. दुरून हुकूम देण्याची आरकॉन सोय इंटरनेटवर उघडी ठेवू नका. अपडेट टाळू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेची फट उघड झाली, तेव्हा चॅटमधल्या एका ओळीनं सर्व्हरचा ताबा जाऊ शकत होता. आणि गावात युनिटचा नकाशा बांधायचा नाही, हे फौजीला सांगायला नको. पोरांना सांगा.

चालू सर्व्हरचं वर्ल्ड फोल्डर तसंच कॉपी केलं तर बॅकअप अर्धवट निघू शकतो. आधी सेव्ह-ऑफ, मग सेव्ह-ऑल फ्लश, मग कॉपी, शेवटी सेव्ह-ऑन. मे २०२०च्या अम्फाननंतर कोलकात्याच्या कित्येक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. कालबैसाखी तर दरवर्षीचीच. त्याच टेबलावरच्या पेनड्राइव्हला मी बॅकअप मानत नाही. सुट्टीवर गेलात की एक डिस्क गावी ठेवून या. इथली प्रत महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडा आणि फेरी मारायला पोरांनाच पाठवा. एक वीट हलली तरी त्यांना कळतं.