जनुक आहे, पण कुलूपबंद!

'गुणधर्म जनुकांमुळे ठरतात' हे वाक्य आपण परीक्षेसाठी पाठ करतो. माझ्या मते हे अर्धंच उत्तर आहे.

झेब्राफिश या लहानशा माशाच्या दृष्टिपटलाला इजा झाली, तर तिथल्याच म्यूलर पेशी नव्या चेतापेशी तयार करतात आणि माशाला पुन्हा दिसू लागतं. म्यूलर पेशी तुमच्या-माझ्या डोळ्यातही आहेत. मग आपल्याला का जमत नाही? यासाठी लागणारी बरीच जनुकं आपल्याकडेही आहेत. पण दृष्टिपटलाची वाढ पूर्ण होताना डीएनएचे काही भाग हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळले जातात. तिथली जनुकं मग वाचलीच जात नाहीत. पुस्तक घरात आहे, पण कपाटाला कुलूप!

२०१७ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रौढ उंदरांच्या म्यूलर पेशींत एक जनुक चालू केलं, सोबत ही गुंडाळी सैल करणारं औषध दिलं. इजा झालेल्या दृष्टिपटलात काही नव्या चेतापेशी तयार झाल्या.

माणसासाठी हा उपचार अजून नाही. कुणी विकत असेल तर फसू नका. मात्र 'जनुकातच नाही' म्हणण्याआधी विचारा, जनुक नाही की बंद आहे? हा प्रश्न पाठ्यपुस्तकात यायलाच हवा.