नगरसेवक मिळाले, आता दवाखान्यांचा हिशेब मागा!

ठाणे, कळवा, कल्याण आणि डोंबिवलीच्या नागरिकांना जाहीर आवाहन



परवा आमच्या गटाने एका प्रभाग कार्यालयात साधं निवेदन दिलं. पालिकेची रुग्णालयं, दिव्यांगांचा निधी आणि घरोघरी अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल, या तिन्हींचा आढावा प्रभाग समितीत, लोकांसमोर, एकत्र घ्या, एवढीच मागणी. टेबलामागचे साहेब म्हणाले, "आरोग्य वेगळं खातं, समाजविकास वेगळं खातं. तुम्ही आधी ठरवा, तुम्हाला जायचंय कुठे." पोच मागितली तर कपाळाला आठी.

कुठे जायचंय ते सांगतो. आमच्या प्रभागातले एक आजोबा अर्धांगवायूने पडले. आठवड्याभरात रुग्णालयाने घरी सोडलं. लघवीची नळी तशीच, कार्डावर शेरा: ओपीडीत दाखवा. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. नळी बदलायची वेळ आली की चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरवायचा, रिक्षावाल्याच्या हातापाया पडायचं, रांगेत थांबायचं आणि तसंच वर चढवायचं. पाठीला जखमा झाल्या, त्या सून धुते, तीही शेजारच्या कंपाउंडरला विचारून. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पुन्हा तीच खुर्ची, तोच जिना. आता हे आजोबा कुणाच्या यादीत आहेत? रुग्णालयाच्या नाहीत, कारण डिस्चार्ज झाला. समाजविकासच्या नाहीत, कारण प्रमाणपत्र नाही. आशाताईंच्या डोक्यावर आधीच गरोदर बाया, लसीकरण आणि सतरा सर्वेक्षणं, तीही मानधनावर. त्यांना दोष देणारा करंटा.

आणि कळवा विसरलात का? ऑगस्ट २०२३. ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, खाटा ५००. २४ तासांत १८ रुग्ण गेले. त्याच्या दोन-तीन दिवस आधी एकाच दिवशी ५ जण गेले होते, म्हणजे घंटा आधीच वाजली होती. मुख्यमंत्री तेव्हा ठाण्याचेच होते. चौकशी समिती बसली. तिच्या अहवालाची प्रत आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिली? पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, त्याच रुग्णालयात महिनाभरात २१ नवजात बाळं दगावल्याची बातमी आली. कमी वजनाची होती, उशिरा आणली होती, असं सांगितलं गेलं. असेलही. मग त्या आयांची नवव्या महिन्यापर्यंत तपासणी कुणी करायची होती?

ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल ९०० खाटांच्या नव्या इमारतीसाठी पाडलं, कामकाज मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं आणि भार कळव्यावर आला. शहापूर-मुरबाडपासूनचे रुग्ण तिथेच येतात. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर. तिथून काय ऐकू येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. "कळव्याला न्या." कळव्यात गेलं की "सायनला न्या." रेल्वेला जेवढी स्थानकं, तेवढे आपले रेफरल!

सगळ्यात संतापाची गोष्ट पुढेच आहे. ते १८ जण गेले तेव्हा ठाणे महापालिकेत प्रश्न विचारायला एकही नगरसेवक नव्हता. ठाण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, कल्याण-डोंबिवलीची नोव्हेंबर २०२० मध्ये. त्यानंतर १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत प्रशासकच सभागृह, प्रशासकच स्थायी समिती. स्वतःच ठराव मांडायचा, स्वतःच मंजूर करायचा. आणि आपण? आपण खड्ड्यांवर विनोद फॉरवर्ड करत बसलो. आता ठाण्यात १३१ आणि कल्याण-डोंबिवलीत १२२ जागा भरल्यात. कल्याण-डोंबिवलीत तर कित्येक जण बिनविरोध निवडून आले. म्हणजे मत मागायला दारात यायचेही कष्ट नाहीत. त्यांना दवाखान्याच्या दारात न्यायचं काम आपलं.

कायदा आपल्या बाजूने आहे. रुग्णालयं आणि दवाखाने चालवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ मध्ये झाली. तुमच्या भागात ती एकदा तरी भरली का? पालिकेच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे आहेत. ज्येष्ठांना सरकारी रुग्णालयात खाटा आणि वेगळी रांग द्या, असं २००७ चा कायदा सांगतो. नागरी आरोग्य अभियानाच्या निकषाने ५० हजार वस्तीला एक आरोग्य केंद्र लागतं. २०११ च्या जनगणनेवर कल्याण-डोंबिवलीला २५ आणि ठाण्याला ३७ हवीत. घोडबंदरचे आणि शीळ रस्त्याचे टॉवर त्यानंतरचे, ते धरलेलेच नाहीत.

लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांनी असा हिशेब मागून दाखवलाय. २००७ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत बाया उभ्या राहून डॉक्टरांना विचारायच्या, औषध बाहेरून का आणायला लावलंत? आपल्याकडे पदवीधरांची रांग, पण विचारायची हिंमत नाही. इंग्लंडमध्ये नगरपालिकेची समिती रुग्णालयाच्या प्रशासनाला बोलावून जाब विचारते. अर्थात नुसती समिती असून भागत नाही. स्टॅफर्डच्या रुग्णालयात रुग्णांचे हाल झाले तेव्हा तिथली समितीही मान डोलवत बसली होती, आणि २०१३ च्या चौकशी अहवालाने तिलाही सोडलं नाही.

काही जण म्हणतात, असा जाब विचारल्याने डॉक्टरांवर हल्ले वाढतील. उलट आहे. विचारायला जागा नसते तिथे काचा फुटतात. डॉक्टरवर हात टाकणाऱ्याला आमच्या गटात जागा नाही, आणि अपुऱ्या माणसांत राबणारे डॉक्टर-नर्सही आमच्याच बाजूचे आहेत. "महात्मा फुले योजना आहे ना?" आहे, पण ती ऑपरेशनचं बिल भरेल, आजोबांना जिन्यावरून खाली आणणार नाही. "आम्ही खासगीत जातो" म्हणणाऱ्यांना आत्ता काही सांगत नाही, आयसीयूचं पहिलं बिल येऊ द्या.

तर आता कामाला लागा. कोविडमध्ये रात्री-बेरात्री ऑक्सिजनचे सिलिंडर खांद्यावरून वाहिलेली आमची पोरं आहेत. अर्ज लिहून देतील, सोबत येतील. माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारा: आपल्या रुग्णालयात मंजूर पदं किती, भरलेली किती, महिन्याला रेफर किती आणि कशासाठी, रुग्णवाहिका किती चालू, कंत्राटदाराशी करार काय, दिव्यांग निधी आला किती, खर्च किती. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर अपील, त्याचा नमुना आमच्याकडे तयार आहे. आपल्या नगरसेवकाकडून लेखी घ्या की दर तीन महिन्यांनी प्रभाग समितीत आरोग्य आणि समाजविकास, दोन्ही खात्यांचे अधिकारी एकत्र बसवून जाहीर सुनावणी लावतील. तोंडी "बघतो" चालणार नाही. समितीवरच्या संस्था-प्रतिनिधीच्या जागा कुणाच्या मेहुण्याला जाण्याआधी अर्ज करा. सोसायटीत, चाळीत अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, त्यांची यादी करा. हे काम महिला मंडळांनी घ्यावं, त्यांना घरं ठाऊक असतात.

महासभेच्या दिवशी प्रेक्षक गॅलरी भरली पाहिजे. घोषणा नकोत, फलक नकोत. केसपेपर, रेफरल चिठ्ठ्या आणि औषधांची बिलं घेऊन या, पण झेरॉक्स आणा. मूळ कागद घरीच ठेवा, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जावर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.