बॅटरीचे पापुद्रे आणि खाणीतील मजूर

परदेशस्थ बौद्ध कुटुंबांतील मुलामुलींनी बॅटरीच्या संशोधनात अवश्य शिरावे, असे आम्हांस वाटते; मात्र शिरताना खाणीकडे पाठ फिरवू नये.

पुन्हा पुन्हा भारित होणाऱ्या लिथियम बॅटरीत धातूच्या ऑक्साइडचे थर असतात व त्यांमधून लिथियमचे आयन ये-जा करतात. सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणलेल्या बॅटरीत हे ऑक्साइड कोबाल्टचे होते. ओसाका सिटी विद्यापीठातील ओहझुकु व माकिमुरा यांनी २००१ साली निकेल, कोबाल्ट व मँगनीज समप्रमाणात घेऊन तसेच थरयुक्त ऑक्साइड सिद्ध केले आणि कोबाल्टचा वाटा एक तृतीयांशावर आणला. आता हे थरही सुटे करता येतात. आम्लाने थरांमधील धातूचे आयन काढून तेथे हायड्रोजनचे बसवायचे, मग मोठ्या रेणूंच्या सेंद्रिय आम्लारीच्या द्रावणात ते फुगवायचे, की कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. जाडी सुमारे एक नॅनोमीटर. लिथियमचा मार्ग त्यामुळे आखूड होतो. (एवढा पृष्ठभाग उघडा पडल्यावर नको त्या प्रक्रियाही वाढतात, तेव्हा चमत्कार म्हणण्याची घाई नको.) असे पापुद्रे मँगनीज ऑक्साइडचेही होतात.

जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोतून येतो. तेथील खाणींत बालके राबत असल्याचे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ साली उघडकीस आणले. कोबाल्टची धूळ फुप्फुसे निकामी करू शकते. मग मँगनीज बरे? ते तर आपल्या विदर्भातले. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग खाणीचे मँगनीज डायऑक्साइड साध्या कोरड्या बॅटरीसाठी जाते. हा तोच भंडारा, जेथून बाबासाहेबांनी १९५४ ची पोटनिवडणूक लढविली. परंतु मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर मेंदूस बाधते; चाल अडखळते, चेहरा भावहीन होतो, कंपवातासारखी लक्षणे दिसतात. धातू बदलला की आजार बदलतो, एवढेच.

व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी देशासाठी स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला, आणि डिसेंबर १९४३ मध्ये तेच धनबादच्या कोळसाखाणीत स्वतः उतरले. विजेचा विचार करणारा मंत्री मजुराच्या अंधारातही डोकावत होता. आपल्या प्रयोगशाळांतील तरुणांनी हाती आलेली भुकटी कोणत्या खाणीची, तेथे धूळ मोजली जाते काय, मजुरांची तपासणी होते काय, हे विचारण्यास संकोच का करावा?

आमची सूचना साधी आहे. परदेशातील आपल्या संस्थांनी विदर्भातील विद्यार्थ्यांस पदार्थ-रसायनशास्त्रासाठी एक शिष्यवृत्ती द्यावी, आणि तेवढ्याच रकमेची दुसरी खाणकामगारांच्या व्यवसायजन्य आजारांचा अभ्यास करणाऱ्या तरुण डॉक्टरास द्यावी.