आमच्या वकिलांचा पक्षकार कोण?

सनद घेऊन तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या आमच्या तरुणापुढे पहिला प्रश्न असतो, पक्षकार आणायचा कुठून? वडिलांची वकिली नाही, बागायतदारांशी सोयरिक नाही. मग तो कोर्टाच्या आवारातील दलालाला गाठतो, नाहीतर दारावर भलीमोठी पाटी लावतो : 'अ‍ॅडव्होकेट अमुक, जिल्हाध्यक्ष, तमुक संघटना'. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, दलालामार्फत काम मिळवता येत नाही आणि पाटीवर संघटनेशी असलेला संबंधही लिहिता येत नाही. हे आमच्या कित्येक वकील कार्यकर्त्यांच्या गावीही नाही!

बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली, तेव्हा अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ देण्यास सॉलिसिटर तयार नव्हते. संसार चालावा म्हणून त्यांनी एका अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पण १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' पुस्तिकेच्या खटल्यात अडकलेले जेधे, जवळकर, बागडे हे ब्राह्मणेतर पुढारी त्यांच्याकडेच आले, आणि सुटले. १९३४ साली र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'चा खटला घेऊन आले. तो हरला, पण बाबासाहेबांनी तो तितक्याच निष्ठेने लढवला. हे पक्षकार जातीचे म्हणून आले नव्हते. आपली बाजू हा माणूस समजून घेईल आणि भिणार नाही, एवढ्या खात्रीने ते आले होते.

आज आमच्या समाजाची रीत काय आहे? जामिनाला आणि दारूच्या केसला आमचा वकील, पण वाटपाच्या दाव्याला, भूसंपादनाच्या मोबदल्याला प्रस्थापितांचा! आमच्या वकिलाकडे आले की 'साहेब, समाजाचे काम आहे, फी कसली?' आणि तिकडे मात्र उसने काढून आगाऊ भरतात. यात दोष एकट्या समाजाचा नाही. तारखेला गैरहजर राहणारा, सभेत तासभर बोलणारा पण कैफियत वेळेत दाखल न करणारा वकील आम्हीही पाहिला आहे.

फुकट कामाचा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो आणि वकिलाचे मानधन प्राधिकरण देते. अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात तर १९९५ च्या नियमांतील नियम ४(५) नुसार पीडिताच्या मागणीवरून जिल्हाधिकारी ज्येष्ठ वकील नेमू शकतात, फी सरकारची. किती पीडितांकडून आम्ही हा अर्ज लिहून घेतो? प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव नोंदवा. तेथे गरिबाचे काम होते आणि वकिलाची चूलही पेटते.

ज्याची ऐपत आहे त्याच्याशी मात्र पहिल्याच दिवशी फी ठरवावी, कागदावर ठरवावी, पावती द्यावी. मोबदल्यात टक्केवारी मागू नये, बार कौन्सिलचे नियम ती मना करतात. कागद दडवणारा, निकालाची हमी मागणारा, खोटा साक्षीदार उभा करू म्हणणारा पक्षकार कितीही पैसेवाला असो, त्याचे वकीलपत्र घेऊ नये. तो फी बुडवतो आणि नावही.

आणि एक विषय पक्का करावा. महार वतनाच्या जमिनींचेच घ्या. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा १९५८ चा कायदा, फेरप्रदानाचे आदेश, नजराणा, परवानगीविना झालेली खरेदीखते, जुने फेरफार हे सारे ज्याला तोंडपाठ आहे, असे वकील तालुक्यात शोधावे लागतात. जात पडताळणीचेही तेच. ज्याच्या आजोबाची जमीन गेली, तो असा वकील धुंडाळत तीन तालुके ओलांडून येतो, आणि तो कागदांची पिशवी घेऊनच येतो. तारीख पडली की त्याच संध्याकाळी त्याला फोन करावा, रोजनाम्यात काय लिहिले ते सांगावे. पुढच्या महिन्यात त्याचा मेहुणा सातबारा घेऊन दारात उभा राहील. तेव्हा पावतीपुस्तक टेबलावरच असू द्या.