सत्र संपले, ऊस अजून उभा आहे



पावसाळा सरत आला की आपल्या गट कार्यालयांतून कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या मुला-मुलींची वर्दळ वाढते. हातात जाडजूड वही असते, सही-शिक्का हवा असतो. सत्र संपले, आता परीक्षा, असे सांगून नमस्कार करून ही मुले निघून जातात. गावात त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. पदवीच्या विद्यार्थ्याने काही महिने गावात शेतकऱ्याच्या सोबतीने काढावेत, ही पद्धत रंधावा समितीने १९९२ साली सुचवली आणि पुढे ती अभ्यासक्रमात पक्की बसली. योजना चांगली आहे. आमचे म्हणणे आहे ते तिच्या शेवटाबद्दल.

प्रत्येक वहीच्या शेवटी ‘सत्रातील अनुभव’ असे एक पान असते. आम्ही ते आवर्जून वाचतो. ‘शेतकरी बांधवांचा उत्तम प्रतिसाद लाभला’, ‘बरेच काही शिकायला मिळाले’, ही वाक्ये जवळजवळ प्रत्येक वहीत सापडतात. काय शिकायला मिळाले ते मात्र कुठेच नसते. शेजारी फोटो असतो. त्यात बॅनर, बॅनरमागे पोरे, आणि कडेला आपला सभासद डोळे बारीक करून उभा.

यंदा एका कृषिकन्येच्या वहीत निराळे पान निघाले. तिने एका सुरू उसाच्या फडात सरीला फीत लावून ऊस मोजले होते. चार फुटी सरी असली की एका एकरात १०,८९० फूट लांबीची ओळ बसते. तिला फुटाला सरासरी चार ऊस मिळाले, म्हणजे एकरी ४३,५६० ऊस. एका उसाचे वजन सव्वा किलो धरून तिने एकरी ५४ टनांचा अंदाज काढला. खाली लिहिले होते, ‘शेतकरी काका म्हणतात, मागल्या वर्षी ह्याच वावरात ३५ टन निघाले. फरक कशाने पडतो ते मला कळले नाही आणि सत्र संपले.’

आमच्या मते सगळ्या वह्यांत कामाचे वाक्य हे एकच.

फरक कशाने पडतो ह्याचे उत्तर ऑक्टोबरात मिळतच नाही. ते फेब्रुवारीत काट्यावर मिळते. सव्वा किलोचा ऊस एक किलोवर उतरतो का, की बांधाकडची ओळ मोजून मधले नांगे मोजायचे राहिले, की शेवटच्या दोन पाण्याच्या पाळ्या चुकल्या, की तोडलेला ऊस दोन दिवस फडातच वाळला? हे तोडणीच्या दिवशी वावरात उभे राहिल्याशिवाय समजत नाही. ज्या पोरीला प्रश्न पडला ती तेव्हा परीक्षा देऊन कुठल्यातरी शहरात नोकरी शोधत असणार. ज्याला उत्तर मिळेल त्या काकांनी प्रश्न लिहून ठेवलेला नाही.

दोष मुलांचा नाही, कॅलेंडरचा आहे. सुरू उसाची लागवड १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. ही मुले येतात बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशी आणि जातात दिवाळीच्या मागेपुढे. म्हणजे बेणे कोणत्या वावरातून आणले ते त्यांनी पाहिलेले नसते. हेक्टरी २५० किलो नत्राचे चार हप्ते मोठ्या बांधणीपर्यंत पडून गेलेले असतात, आणि बिचारी मुले जुलैत खतांचा तक्ता घेऊन आपल्याला हप्ते समजावतात. पाचटाचे प्रात्यक्षिक करायचे तर गावभर फिरून पाचट शोधावे लागते, कारण पाचट पडते हिवाळ्यात. तेव्हा हेक्टरी ८ ते १० टन पाचट वावरात असते आणि ते ठेवावे की काडी लावावी ह्यावर घरात वाद चाललेला असतो. त्या वादात बसायला विद्यार्थी नसतो. कपाशीचे, सोयाबीनचे विद्यार्थ्याला निदान बरेचसे पाहायला मिळते. उसाचे फक्त मधले पोट दिसते, डोके नाही आणि पायही नाहीत.

आपलेही थोडे बोलू. पोरे आली की आपण चहा-पोहे देतो, सडकेकाठचे देखणे वावर दाखवतो, आणि वही पुढे आली की न वाचता सही ठोकतो. “पोट्टे शिकून राह्यले, करू द्या बाप्पा,” एवढ्यावर विषय संपतो. तिसऱ्या खोडव्याचे नांगे पडलेले वावर कोणी दाखवत नाही. अहो, पण शिकण्यासारखे जे आहे ते तिथेच आहे! विद्यार्थ्याने पाचटाची कुट्टी करा म्हटले आणि तुम्ही नाही म्हटले, तर का नाही म्हटले ते त्याच्या वहीत यायला हवे. मजूर मिळत नाही, सरीत पाणी अडते, उंदीर होतात, शेजाऱ्याच्या आगीची भीती वाटते, जे असेल ते. ‘उत्तम प्रतिसाद’ लिहून ते झाकले गेले, की पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तेच प्रात्यक्षिक घेऊन पुन्हा दारात उभा राहतो.

ह्या गोष्टी आपल्या जिल्ह्याला तरी नव्या वाटू नयेत. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्माजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीम निघाली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. हाताचे काम हेच शिक्षणाचे माध्यम, असा तो विचार होता. कापूस पिंजला, सूत काढले, की सूत किती निघाले हे मोजूनच गणित शिकायचे. अर्धे सूत काढून सत्र संपले, असे तिथे चालण्यासारखे नव्हते.

आणखी जवळचा दाखला सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी ते उभे केले. तिथल्या नव्या तुकडीला एक गाव दिले जाते. विद्यार्थी आधी त्या गावात शिबिराला राहतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि पुढेही त्या घरी त्यांचे जाणे-येणे चालू राहते. कुटुंब दत्तक घेण्याची ही रीत २०२१-२२ पासून देशभरच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात आली. एका घराचे आरोग्य एका सत्रात कळत नाही हे डॉक्टरीत मान्य झाले. उसाचा फड बारा महिन्यांचा, खोडवा धरला तर चोवीस-पंचवीस महिन्यांचा, तो मात्र एका सत्रात कळावा अशी अपेक्षा!

विद्यापीठाचे वेळापत्रक बदलणे आपल्या हाती नाही. वही कुठे राहते हे मात्र आहे. विद्यार्थी ती घेऊन जातो, गुण मिळतात, मग ती कुठल्या कपाटात पडते कोण जाणे. आमची सूचना अशी की फडाची एक साधी दोनशे पानी वही सभासदाच्याच घरी ठेवावी. लागवडीची तारीख, बेणे कुठले, कोणत्या दिवशी कोणते खत, पाण्याच्या पाळ्या, नांगे किती, एवढे सभासदाने लिहावे. विद्यार्थी आला की मोजणी त्याने करावी आणि तिथेच लिहावी, हवी तर स्वतःसाठी नक्कल काढावी. तोडणी झाली की काट्याचे टनेज त्याच पानावर चढवावे. पुढल्या जूनमध्ये नवा विद्यार्थी येईल तेव्हा त्याच्या हाती आधी ही वही द्यावी, चहा मागाहून. आणि जो विद्यार्थी आपला फोन नंबर मागे ठेवील, त्याला सभासदाच्या संमतीने काट्याचा आकडा कळवणे आमच्या शेतकी खात्याला जड नाही. एक फोन लागतो.

हे काम परक्या पोरांपुरते ठेवायचेही कारण नाही. आपलीच मुले नागपूरला, वर्ध्याला शिकतात, सत्र संपवून घरी येतात आणि ओसरीवर मोबाइलवर बोट फिरवत सुट्टी काढतात. वाणिज्य शाखेच्या मुलाला नांगर नाही धरता आला तरी फीत धरता येते. त्याला वावरात पाठवा. चार ठिकाणी दहा-दहा फूट ओळ मोजू द्या, त्यातली दोन ठिकाणे फडाच्या मधली असू द्या. मग बियाणे, खते, वीज, तोडणी ह्यांचा खर्च त्याच वहीत त्याच्याकडून लिहून घ्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, हेही त्याला वाचून दाखवा. बापाने किती लावले आणि किती आले हे शिकलेल्या मुलाला माहीत नसावे, हे आम्हाला पटत नाही.

त्या कृषिकन्येच्या फडाची आम्ही नोंद ठेवली आहे. बाकीच्या सभासदांनी आपली वही घालून घ्यावी आणि तोड लागण्यापूर्वी मोजणीचा आकडा गट कार्यालयात कळवावा. फीत घरी नसेल तर कार्यालयातून न्यावी, पण परत आणून द्यावी. मागच्या दोन फिती अजून यायच्या आहेत.