टॉवरची भीती आणि डोळ्यांची निगा

शिवारात मोबाईलचा टॉवर उभा राहिला की गावात कुजबुज सुरू होते: आता डोळे जाणार, मोतीबिंदू होणार. मिस्सानंतर चर्चच्या आवारातही हा प्रश्न आम्हाला विचारला जातो. ही भीती अगदीच निराधार नाही. पण ती भलत्याच जागी खर्ची पडत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम शास्त्र पाहू. मोबाईलच्या लहरी शरीरातील पाण्यात शोषल्या जातात व त्यांची उष्णता होते. इतर अवयवांतील उष्णता रक्त वाहून नेते. डोळ्यातील भिंगाला मात्र रक्तवाहिन्याच नाहीत; म्हणून ते सावकाश निवते. सशांच्या डोळ्यांवर अतिप्रखर लहरी सोडल्या तेव्हा भिंग गढूळ झाल्याचे प्रयोगांत दिसले. मोतीबिंदूची धास्ती तेथूनच आली. परंतु त्या लहरी फोनच्या मानाने कितीतरी पट प्रखर होत्या. फोनमुळे माणसाला मोतीबिंदू होतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही.

शिवाय अंतर दुप्पट झाले की लहरींचा जोर चौथाईवर येतो. म्हणून दूरच्या टॉवरपेक्षा कानाशी धरलेला फोनच अंगाला अधिक लहरी देतो. आपल्या देशात फोनसाठी किलोमागे १.६ वॉट ही शोषणाची मर्यादा ठरलेली आहे. *#०७# दाबल्यास आपल्या फोनचा आकडा दिसतो. रेंज कमी असताना फोन अधिक जोराने लहरी सोडतो. तेव्हा बोलणे थोडक्यात आटोपावे, हे बरे.

आता खऱ्या वैऱ्याकडे वळू. भाताची लोंबी किंवा उसाचे पाते डोळ्याला लागते, बुबुळावर ओरखडा उठतो, त्यात बुरशी शिरते आणि पुढे फूल पडून दृष्टी जाते. अशा वेळी आपण काय करतो? कोणी पाल्याचा रस पिळतो, कोणी अंगावरचे दूध घालतो, कोणी दुकानातून थेंब आणतो. त्या थेंबांत स्टेरॉईड असले तर बुरशी अधिकच फोफावते. टॉवरविरुद्ध अर्जावर सह्या करणारे आपण, डोळा लाल झाला असता दवाखान्यात जायला मात्र आठवडा लावतो!

तोबीतची कथा आपण जाणतो. चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडून त्याची दृष्टी गेली, आणि जो जो लेप लावावा तो तो डोळे अधिकच बिघडत गेले. पुढे माशाच्या पित्ताने तो बरा झाला, ती देवदूत राफाएलकरवी झालेली देवाची करणी. ती कथा वाचून कोणी डोळ्यात पित्त घालीत नाही. मग पाल्याचा रस तरी का घालावा?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. मळणीला व ऊसतोडणीला साधा चष्मा लावावा. दुपारच्या उन्हात रुंद काठाची टोपी घालावी, कारण सूर्याच्या अतिनील किरणांनी मोतीबिंदू वाढतो, हे सिद्ध झालेले आहे. फवारणीचे औषध किंवा चुना डोळ्यात गेल्यास तत्काळ स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा व लगेच डॉक्टर गाठावा. डोळा दुखून लाल झाला, तर दुसरा दिवस उजाडू देऊ नये. मुलांना फोन सोडून रोज उजेडात खेळू द्यावे.

१३ डिसेंबरला संत लुसियाचा सण येतो. दृष्टीसाठी आपण तिची मध्यस्थी मागतो. प्रार्थना अवश्य करावी; पण देवाने दिलेले डोळे राखण्याचे काम त्याने आपल्याच हाती सोपविले आहे.