मीटर उलटा की सुलटा?

वीकेंडला शिरोड्याला मावशीकडे गेले. मासे, वेळागरचा बीच आणि भरपूर झोप, एवढाच प्लॅन. पण मावशी दारातच लाइट बिल घेऊन उभी. ‘तू पेपरात लिवतंस मां? मगे ह्यां बघ!’

छपरावर 3 किलोवॅटचं सोलर बसलं आणि बिल चक्क वाढलं!

दोष पॅनेलचा नाही, मंडळी. मीटरचा. पूर्वीचा काळा, चकतीवाला मीटर आठवतोय? सोलरची जादा वीज बाहेर जायला लागली की त्याची चकती उलटी फिरायची. (नियमात बसत नाही, पण फिरायची खरी.) नंतर आलेले इलेक्ट्रॉनिक मीटर भलतेच हुशार. वीजचोरी पकडायची म्हणून त्यातले बरेचसे असे बनवलेत, की वीज आत येवो नाहीतर बाहेर जावो, आकडा आपला पुढेच. थोडक्यात, भर दुपारी मावशी ग्रिडला वीज देत होती आणि तिचा मीटर त्याच विजेचे पैसे तिच्या नावावर लावत होता.

म्हणूनच येणारी-जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा नेट मीटर लागेपर्यंत सोलर बंद ठेवायचं असतं. पण सोलरवाल्यानं आधीच स्विच ऑन करून दिला, मावशीनं पेढेही वाटले. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांची सबसिडी आहे, मग घाई होणारच ना! किलोवॅटमागे दिवसाला साधारण 4 युनिट, म्हणजे चांगल्या उन्हात रोज डझनभर युनिटांचा घोळ.

मी स्विच बंद केला.

‘ऊन फुकट जातलां मगे,’ म्हणत मावशीनं अंगणात आमसुलं वाळत घातली.